पाड्याचं आरोग्य, पाड्यातल्या बाईच्या हाती

(वसई येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्यांच्या कार्याची ओळख प्रास्ताविकात नीट करून दिली गेली आहे. त्यामुळे मी सरळ विषयाकडे वळते. जिथे डॉक्टर पोचत नाही आणि पोचला तर टिकत नाही, तिथल्या माणसांसाठी आरोग्य कार्यकर्ते कसे घडवायचे, हा तो विषय. असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गडचिरोली येते, मेळघाट येतो. मी आज बोलणार आहे ते प्रामुख्याने आपल्या पालघर जिल्ह्याबद्दल, आणि शेवटी आपल्याच वसई तालुक्याबद्दल.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. आज ती किती वाढली आहे हे नालासोपाऱ्याच्या फलाटावर सकाळी उभं राहणाऱ्या कुणालाही कळतं. पश्चिमेला बंगलीचं कार्डिनल ग्रेशियस हॉस्पिटल आहे, वसई गावात सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, स्टेशनांच्या आसपास खासगी दवाखान्यांच्या पाट्यांना पाट्या भिडल्या आहेत. पण रेल्वे ओलांडावी, महामार्ग ओलांडावा आणि भाताणे, पारोळ, उसगावच्या बाजूला जावं. तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. तिथून आजारी मूल घेऊन निघालेल्या आईला रिक्षा मिळेल का, पैसे पुरतील का, घरी राहिलेल्या दोघांना कोण बघेल, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. एकच तालुका, पण या दोन टोकांमध्ये रुग्णालयाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. या जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी इथे ते त्याहून फार मोठं आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. आकडा शंभरावर गेला आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, भरारी पथकं आली, पाडा स्वयंसेवक आले. ही सगळी व्यवस्था एका मोठ्या दुःखातून उभी राहिली, हे आपण विसरता कामा नये.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर एक मागणी ठरलेली असते: डॉक्टर द्या. मागणी रास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं पद रिकामं राहणं हा लोकांवरचा अन्याय आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. तरीही मी असं म्हणते की उद्या सकाळी सगळी पदं भरली, तरी पाड्यावरचे बरेचसे मृत्यू टळणार नाहीत. तिथे मूल कशाने जातं ते बघा. जन्मल्यावर दोन-चार दिवसांत अंग थंडगार पडून, जंतुसंसर्गाने, न्यूमोनियाने, जुलाबात पाणी आटून. मोठी माणसं सर्पदंशाने जातात, बाळंतीण अतिरक्तस्रावाने जाते. यातल्या बहुतेकांत निर्णयाची वेळ काही तासांची असते आणि तो निर्णय घरात घेतला जातो. त्या घरापासून हाकेच्या अंतरावर समजणारं माणूस हवं. ते माणूस बाहेरून पाठवता येत नाही. पाड्यातूनच तयार करावं लागतं.

आणि हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा विचार त्यांनी आणि अनुताई वाघांनी वारली पाड्यांवर प्रत्यक्षात आणला. आज देशभर जी अंगणवाडी आहे, तिची मुळं इथे आहेत. स्थानिक मुलींना हाताशी धरून, गारगोट्या-शिंपल्यांपासून शिकवण्याचं साहित्य करून त्यांनी जे प्रशिक्षण दिलं, ते शिक्षणाचं होतं. पण आंघोळ, नखं, खरूज, खाणंपिणं हे सगळं त्यात आलंच.

त्याच डहाणू तालुक्यात कासा इथे १९७० च्या दशकाच्या मध्यावर आणखी एक प्रयोग झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शहा यांनी कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात माता-बाल आरोग्य आणि पोषणाचं काम उभारलं. गावातलेच अर्धवेळ कार्यकर्ते निवडले. त्यांनी घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं घ्यायची, तक्त्यावर नोंदवायची आणि कुठलं मूल जोखमीचं आहे ते ओळखायचं. सगळ्यांकडे सारखं बघण्याएवढे हात नसतात, म्हणून ज्याला धोका जास्त त्याच्याकडे आधी जायचं. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी डॉक्टरांच्या वर्तुळात ती साधी नव्हती, कारण जोखीम ठरवण्याचं काम कमी शिकलेल्या माणसाकडे द्यायचं होतं.

आता थोडं जिल्ह्याबाहेर जाऊ. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. दुष्काळी मुलूख. त्यांनी सुरुवातीला खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका-प्रसविका पाठवून पाहिल्या. त्या तिथे रुळल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपलं मानलं नाही. मग गावानेच निवडलेल्या बायका घेतल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामाला येत, एकत्र जेवत, एकत्र निजत. जातीची भिंत तिथे आधी पडली, औषधांची नावं नंतर आली. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडची नोंद झाली होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र जामखेडची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती प्रशिक्षण न संपण्याची. बाई वर्षानुवर्षं येत राहिली. गेल्या आठवड्यात काय पाहिलं, कुठे अडलं, कोण दगावलं, हाच तिचा अभ्यासक्रम होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ची स्थापना केली. न्यूमोनिया ओळखायचा तर एका मिनिटात बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. गावातल्या निरक्षर दाईला एवढे आकडे मोजता येत नव्हते. त्यांनी तिच्यासाठी वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांची चौकट केली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. दाईला मोजता येत नाही म्हणून तिला कामावरून वगळलं नाही, तिला जमेल असं मोजमाप तयार केलं. प्रशिक्षण देणाऱ्याची बुद्धी इथे दिसते.

पुढे तिथल्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळाला ऊब देणं, वजन करणं, स्तनपानाला मदत करणं हे तर झालंच. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंही त्यांच्याकडे होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यूंचं प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा, ६२ टक्क्यांनी घटलं. गावातली बाई इंजेक्शन देते म्हणून तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. पण जिथे दुसरं कुणीच नाही, तिथे तिच्या हाती सुई न देणं म्हणजे बाळाला मरू देणं, हे त्या भुवयांना दिसत नव्हतं.

मी ही दोन्ही उदाहरणं कौतुकासाठी सांगत नाही. त्यांच्या मधल्या काळात सरकारनेही हेच करून पाहिलं आणि ते फसलं, म्हणून सांगते. २ ऑक्टोबर १९७७ ला देशात सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. गावातला एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना पन्नास रुपये आणि औषधांची पेटी. कागदावर जामखेडसारखंच. प्रत्यक्षात निवड शिफारशीने झाली, बहुतेक जागी पुरुष निवडले गेले, आणि तेही मुलाबाळांच्या, बाळंतिणीच्या घरात शिरू न शकणारे. तीन महिने झाले की शिक्षण संपलं. आरोग्य केंद्रातल्या लोकांना तो आपला वाटला नाही. काही वर्षांत नाव बदललं, मग योजनाच विरून गेली. कल्पना तीच होती. माणूस कसा निवडला, त्याच्या पाठीशी कोण उभं राहिलं आणि शिकवणं किती काळ चाललं, एवढ्याच गोष्टी वेगळ्या होत्या. आणि त्याच निर्णायक ठरल्या.

या पार्श्वभूमीवर आजच्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीकडे, म्हणजे आशाकडे बघू. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचं ठरलं; आदिवासी भागात वस्तीमागे एक. १९७७ चा धडा घेतला गेला होता: बाईच हवी, ती गावातली सून किंवा लेक हवी, प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने हवं. २०११ पासून गडचिरोलीच्या धर्तीवर नवजात बाळाच्या गृहभेटी तिच्याकडे आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला २५० रुपये. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. दोन्ही बातम्या एकाच बाईच्या आहेत. तिला आपण ‘स्वयंसेविका’ म्हणतो, कारण तसं म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. माझ्या मते तिचं निश्चित वेतन हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. जिला पुढच्या महिन्याची शाश्वती नाही, ती शिकलेलं टिकवणार कशाच्या जोरावर?

आता शिकवण्याविषयी, अगदी जवळून. भाताण्याच्या बाजूला एका अंगणवाडीत आम्ही श्वास मोजायचं शिकवत होतो. आदल्या दिवशी सगळ्याजणींनी बाहुली हातात घेऊन सगळे आकडे पाठ म्हणून दाखवले होते. परीक्षा घेतली असती तर सगळ्या पास. दुसऱ्या दिवशी पाच महिन्यांचं एक खरं बाळ आलं, आईच्या मांडीवर, नाक वाहतंय, किरकिरतंय. चौघींनी मोजलं आणि चार आकडे आले: ३८, ६१, ५२ आणि पुन्हा ६१. बाळ रडत होतं तेव्हा एकीने मोजलं होतं, एकीने घड्याळाकडे बघताना छाती सोडली होती, एकीने कपड्यावरूनच अंदाज घेतला होता. मग पाड्यातलीच एक आशा पुढे झाली. ती त्या आईशी वारलीत काहीतरी बोलली, बाळाला पाजायला लावलं, शांत झाल्यावर अंगावरचं फडकं वर केलं आणि घड्याळ बाळाच्या पोटाजवळच धरलं, म्हणजे पोट आणि काटा एका नजरेत यावेत. पूर्ण एक मिनिट. ४४. श्वास जलद नव्हता, छाती आत ओढली जात नव्हती. साधी सर्दी. तिने आईला ऊब द्यायला, पाजत राहायला आणि कोणती खूण दिसली तर धावत यायचं ते सांगितलं. त्या सकाळी बाकीच्याजणी जे शिकल्या, ते कुठल्याही पुस्तकाच्या पानावर नाही.

म्हणून माझा आग्रह असा: प्रशिक्षणातला निदान निम्मा वेळ पाड्यावर गेला पाहिजे, खऱ्या बाळासमोर, खऱ्या बाळंतिणीच्या खाटेशी. आज बहुतेक प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात, पडद्यावरच्या चित्रांवर होतं. आणि नंतर तिच्याकडे जे विचारलं जातं ते नोंदींबद्दल असतं: किती घरं झाली, ऑनलाइन भरलं का, फोटो टाकला का. तिच्या हातचं काम कुणी शेजारी बसून पाहत नाही. गटप्रवर्तक पाहू शकते, पण तिच्यावरही कागदांचा डोंगर आहे.

शिकण्याची गरज फक्त खालच्या पायरीवर आहे असंही नाही. डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने सर्पदंशावर अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक आधी भगताकडे जातात हे त्यात दिसलंच; पण उपचार करणाऱ्यांच्या ज्ञानातही उणिवा आढळल्या. मण्यार चावली तर जखमेपाशी फारसं काही दिसत नाही, झोपेत चावा कळत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊ लागतात. हे आशाला ठाऊक हवं, तसंच आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरलाही. नाही तर ती रुग्णाला घेऊन येईल आणि तो आणखी पुढे पाठवेल, आणि वेळ वाटेतच जाईल. भगतालाही यात ओढून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. त्याने मंत्र म्हणावा, पण गाडी आधी बोलवावी, एवढं त्याला पटवता येतं.

आता आपल्या तालुक्याकडे येते.

दिवाळी झाली, भात घरात आलं, की जव्हार-मोखाड्याची आणि आपल्याच पूर्वेकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. वसई, भिवंडी, वाडा. बयाणा आधीच घेतलेला असतो. पावसाळ्यापर्यंत भट्टीशेजारच्या भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणं. गावी त्यांच्या नावाची आशा असते, अंगणवाडी असते, मातृ-बाल संरक्षण कार्ड असतं. भट्टीवर आले की ती सगळी साखळी तुटते. इथल्या आशाच्या यादीत ते नाहीत, तिथल्या आशाच्या डोळ्यांसमोर नाहीत. लसीचा पुढचा डोस चुकतो, गरोदर बाई नवव्या महिन्यातही विटा थापते. स्थलांतरितांचा माग ठेवायला महिला व बालविकास विभागाने प्रणाली केली आहे, ती चांगली गोष्ट आहे. पण प्रणाली बाळाचे श्वास मोजत नाही.

नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने या भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. मुलं शाळेकडे येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा भट्टीवर गेली. ताराबाईंच्या अंगणातल्या शाळेशी त्याचं नातं सरळ आहे. मग आरोग्याचं तसं का होऊ नये? माझी सूचना एवढीच: एका पाड्यातून जी आठ-दहा कुटुंबं एका भट्टीवर जातात, त्यांच्यातलीच एक बाई निवडायची. जी त्यांच्याबरोबर जाते आणि त्यांच्याबरोबर परत येते. आवणी संपल्यापासून कापणी लागेपर्यंत ती पाड्यावर असते, त्या दिवसांत तिला शिकवायचं. फार नको: श्वास मोजणं, जुलाबात ओआरएस आणि झिंक, नवजात बाळाच्या धोक्याच्या खुणा, गरोदर बाईच्या धोक्याच्या खुणा, सर्पदंशात काय करायचं, आणि १०८ ला पत्ता नेमका कसा सांगायचा. भट्टीला पत्ता नसतो, हे तिथे रात्री रुग्णवाहिका बोलवून पाहिलेल्याला ठाऊक आहे. भट्टीवर आल्यावर जवळच्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका पहिल्या आठवड्यात तिला भेटेल, औषधं देईल आणि स्वतःचा नंबर देईल. आणि तिला मोबदला मिळेल, कारण भट्टीवर हजार विटांमागे पैसे ठरतात. तिने बाळाजवळ घालवलेला तास तिच्या विटांतून वजा होतो.

महापालिका हद्दीतल्या चाळींबद्दल थोडंच सांगते. नालासोपारा पूर्वेला भाडेकरू अकरा महिन्यांनी खोली बदलतात, आशाची यादी वर्षभरात जुनी होते, आणि मधल्या पोकळीत बोगस डॉक्टर बसतो. महापालिका त्यांच्यावर वेळोवेळी कारवाई करते. पण एक बंद झाला की दुसरा का उघडतो, याचं उत्तर कारवाईत नाही. चाळीतल्याच बाईला पुरेसं शिकवून, संध्याकाळी, कामावरून लोक परतल्यावर भेटता येईल अशा वेळी नेमलं, तर त्या बोगस डॉक्टरचं गिऱ्हाईक कमी होईल.

या सभागृहात डॉक्टर आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, वीटभट्टी मालकांशी नातं असलेली मंडळीही आहेत. परिचारिकांना माझी विनंती: तुम्ही वॉर्डात तीस-तीस वर्षं उभ्या राहिलात. महिन्यातला एक शनिवार पारोळ-भाताण्याच्या आशांसाठी द्या. तिच्या शेजारी बसा, तिचा हात बघा. डॉक्टरांना विनंती: तिचा फोन आला तर उचला, आणि तिने पाठवलेल्या रुग्णाची चिठ्ठी वाचून तिला उलट कळवा की पुढे काय झालं. तिचं अर्धं शिक्षण त्या उलट फोनात आहे. भट्टीमालकांना विनंती: लसीकरणाच्या दिवशी बायकांची थाप अर्धा दिवस बंद ठेवा आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नका. दिवाळीनंतर भट्ट्या लागतील, त्याआधी पहिल्या तुकडीचं शिक्षण पुरं व्हायला हवं. ज्यांना यात वेळ देता येईल, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावं आणि आपलं नाव व महिन्यातला सोयीचा दिवस लिहून द्यावा. वही मी बरोबर आणली आहे.